झिजलेली जुनी बेसबॉल कार्डं: अल्बमला चिकटलेली सोडवावी का, आणि गोव्याच्या पावसात ठेवावी कशी?

सासष्टीकार_५२

नमस्कार मंडळी. आमचे मामा तारवटी. क्रूझ बोटीवरून येताना फ्लॉरिडातल्या जुन्या बाजारातून बेसबॉल कार्डांचा गठ्ठा घेऊन आलेत. एकही कार्ड धड नाही, पण मला गोळा करायची आहेत ती अशीच, कारण चांगल्या अवस्थेतली परवडणार नाहीत. गठ्ठ्यात काय आहे ते लिहितो.

टी२०६ मालिकेची (सिगारेटच्या पाकिटातून येणारी) ९ कार्डं, जुन्या काळ्या अल्बमच्या पानाला पाठीने चिकटवलेली. समोरून बरी आहेत, कोपरे गोल झालेत.

१९३३ ची गाउडी कंपनीची ३. एकाला मधोमध आडवी घडी, एकावर शाईच्या पेनने मुलाचं नाव.

१९५२ चं टॉप्स कंपनीचं १, वरच्या कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी.

१९५५ ते १९७१ मधली टॉप्स चाळीसेक. रबरबँडच्या खाचा, पाठीवर मेणाचे डाग. १९७१ च्या दोनतीन कार्डांच्या काळ्या कडा जरा जास्तच काळ्या दिसतात.

प्रश्न असे: अल्बमच्या पानावरून कार्डं सोडवावी की तशीच ठेवावी? चिकटपट्टी काढावी का? ग्रेडिंगला (कंपनीकडून कार्ड तपासून, अवस्थेचा आकडा लावून, प्लास्टिकच्या डबीत बंद करून घ्यायला) पाठवण्यात अर्थ आहे का? आणि मुख्य म्हणजे घर मडगावात, तळमजल्यावर. जूनपासून चवथीपर्यंत भिंतींना ओल असते. ठेवायची कुठे?

भिंगवाला_म्हापसा

आधी खरी आहेत का ते बघा, बाकी सगळं नंतर. जुन्या बाजारात झिजलेलं कार्ड खरंच असणार असा समज असतो, आणि बनावट करणारे त्याचाच फायदा घेतात. नवी छापील नक्कल चहाच्या पाण्यात बुडवायची, कोपरे पॉलिशपेपरने गोल करायचे, दोन घड्या घालायच्या, झालं जुनं.

मोजपट्टीपासून सुरुवात करा. टी२०६ साधारण ३६.५ × ६६.७ मिमी. गाउडी ६० × ७३ मिमी. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं मोठी, ६६.७ × ९५.३ मिमी, आणि १९५७ पासून आजचं ६३.५ × ८८.९ चं माप. तुमचं १९५२ चं कार्ड या छोट्या मापात बसत असेल तर प्रश्नच मिटला, टॉप्सने १९८३ मध्ये त्या मालिकेची नक्कल स्वतःच या छोट्या मापात काढली होती. टी२०६ मध्ये एकदोन मिमीचा फरक दिसला म्हणून लगेच कातरलंय असं ठरवू नका. अमेरिकन ब्यूटी सिगारेटची जाहिरात पाठीवर असलेली कार्डं मुळातच अरुंद निघाली होती.

मग सोनाराचं १० पट भिंग घ्या. टी२०६ ही १९०९ ते १९११ ची शिळाछापाची कार्डं. चेहऱ्यावर ठिपके दिसतात, पण ते वेडेवाकडे, लहानमोठे. निळा-गुलाबी-पिवळा-काळा असे ठिपके एकसारख्या फुलाच्या नक्षीत दिसले तर ती अलीकडची ऑफसेट नक्कल. खालचं खेळाडूचं नाव आणखी सोपं: खऱ्यावर ते भरीव तपकिरी शाईत असतं, नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनलेली दिसतात.

तिसरी गोष्ट अतिनील टॉर्च, नोटा तपासायला वापरतात तो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चकाकी देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात आली. त्यामुळे टी२०६ किंवा १९३३ चं गाउडी अंधारात टॉर्चखाली निळसर पांढरं चमकलं तर ते त्या काळातलं नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा, न चमकणारं प्रत्येक कार्ड खरं असतंच असं नाही. जुन्या कोऱ्या कागदावर छापलेल्या नकलाही असतात.

झीज ओळखायची तर घडी बघा. खऱ्या घडीत वर्षानुवर्षांची राखाडी मळ तंतूंत शिरलेली असते. चहाचा रंग मात्र कार्डभर सारखाच पसरतो, कडेच्या जाडीतसुद्धा.

१९७१ बद्दल तुमचा संशय बहुतेक बरोबर आहे. त्या वर्षीच्या टॉप्सला काळी चौकट होती, आणि नुसतं हाताळलं तरी कडेचे कपचे निघून पांढरं दिसतं. लोक ते मार्करने भरतात. कार्ड आडवं धरून कडेच्या जाडीकडे बघा. खऱ्या कार्डाची कड आतून करडी किंवा पांढरट असते. मार्कर मारला असेल तर शाई त्या जाडीत झिरपलेली दिसते, आणि तिरप्या उजेडात तिची झाक जांभळट येते.

कागदकोट_फोंडा

टी२०६ सोडवा. झिजलेल्या कार्डांना हात लावू नये हा माझा नेहमीचा सल्ला, पण इथे अपवाद करण्यासारखं कारण आहे. या मालिकेत पाठीला, म्हणजे मागच्या सिगारेटच्या जाहिरातीला, किंमत आहे. एकाच खेळाडूचं कार्ड पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरलच्या पाठीचं असेल तर सर्वसाधारण. तेच ड्रम, उझिट, लेनॉक्स किंवा ब्रॉड लीफचं निघालं तर कोपरे गोल असूनही मागणी कैक पट. हिंदू नावाच्या सिगारेटची पाठही आहे, आपल्या लोकांना तिचं जरा जास्तच कौतुक. पान चिकटलेलं असेपर्यंत यातलं काहीच कळणार नाही.

त्या काळची कार्डं घरात पिठाच्या खळीने किंवा सरसाने चिकटवत. दोन्ही पाण्यात सुटतात. रबर सिमेंट किंवा चिकटपट्टी पाण्यात सुटत नाही, म्हणून आधी पानाच्या कडेचा गोंद पाण्याच्या थेंबाने ओला करून दहा मिनिटांनी बोटाला लावून बघा. बुळबुळीत झाला तर पुढे जा. रबरासारखा गोळा झाला तर थांबा.

साहित्य: डिस्टिल्ड वॉटर २ लिटर (नळाच्या पाण्यात क्षार आणि क्लोरीन असतं, विहिरीच्यात लोह, नको), पांढरे उथळ प्लास्टिकचे ट्रे दोन, पांढरा बिनछापाचा टीपकागद भरपूर, मऊ रंगाचा ब्रश, दोन काचा किंवा गुळगुळीत लाकडी फळ्या, वर ठेवायला तीनचार किलो वजन.

कृती अशी. पानावरची कार्डं एकमेकांपासून कात्रीने वेगळी करा, प्रत्येकाभोवती पानाचा सेंटिमीटरभर कागद राहू द्या. कार्डाच्या कडेला लागून कापू नका, एक चुकीची कात्री म्हणजे कार्ड कायमचं कातरलेलं. एका वेळी एकच कार्ड घ्या. समोरच्या बाजूवर कोपऱ्यात ओल्या टीपकागदाचा कपटा अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि रंग उतरतो का बघा. उतरला नाही तर साध्या तापमानाच्या पाण्यात पूर्ण बुडवा. काळं पान रंग सोडेल, पाणी चहासारखं होईल. घाबरू नका, पण त्याच पाण्यात ठेवूही नका, नाहीतर तो रंग कार्डाच्या पाठीत शिरतो. दर १५ ते २० मिनिटांनी पाणी बदला.

साधारण अर्ध्या तासात पान सुटायला लागतं, कधी दोनतीन तास लागतात. सोलायचं नाही. ओढलं की पाठीचा पापुद्रा पानाबरोबर जातो, आणि पाठ वाचण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पान आपोआप सरकलं पाहिजे. सुटल्यावर पाठीवर गोंदाचा बुळबुळीत थर राहतो, तो कार्ड पाण्यात असतानाच ब्रशने अलगद काढा. नाही काढला तर वाळल्यावर कार्ड त्या बाजूला वळतं आणि चकचकीत डाग राहतो. शेवटी दुसऱ्या ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं.

बाहेर काढताना बोटांनी कोपऱ्याला धरू नका, ओला पुठ्ठा त्याच्याच वजनाने फाटतो. पाण्यात खालून प्लास्टिकचा पत्रा घालून उचला. मग टीपकागदात ठेवा, वर काच, सुरुवातीला वजन नाही. पंधरा मिनिटांनी टीपकागद बदला, आता वजन ठेवा. पुन्हा तासाने, मग त्या दिवशी दोनदा, मग रोज एकदा. जानेवारीत चार दिवस पुरतात. जुलैत हे काम काढूच नका: टीपकागदालाच ओल असते, कार्ड आठवडाभर दमट राहतं आणि दाबलेल्या अवस्थेतच बुरशी धरते. हेअर ड्रायर, इस्त्री, ऊन तिन्ही नको. एका बाजूने लवकर वाळलं की कार्ड पन्हाळीसारखं होतं.

गाउडीचं घडीवालं भिजवायचं कारणच नाही. घडीत तंतू तुटलेले असतात, पाण्याने ते फुगतात आणि घडी आणखी उठून दिसते. पेनाने नाव लिहिलंय ते तर अजिबात नको, शाई पसरेल आणि निळं वर्तुळ उरेल.

टॉप्सची १९५२ नंतरची कार्डंही पाण्यापासून दूर ठेवा. त्या पुठ्ठ्याचे थर पाण्यात फुगून सुटतात आणि समोरची झाक मंद होते. १९५५ आणि १९५६ ची आडवी कार्डं तर कोरडी असतानाच कडेने पापुद्रे सोडायला लागतात.

दोनापावल_बुलपेन

कागदकोट यांची कृती बरोबर आहे. एकच जोड: पाण्याने सोडवणं चालतं की तो फेरफार, यावर संग्राहकांत दोन तट आहेत. माझ्या मते नुसतं पाणी चालतं, कारण परकं काही जोडलं जात नाही आणि मूळचं काही काढलं जात नाही. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, पेट्रोलजन्य द्रावणं वापरली की तो उघड फेरफार. विकताना पाण्याने सोडवल्याचं सांगून टाकावं, भांडण उरत नाही.

आता ग्रेडिंग. पीएसए आणि एसजीसी या ग्रेडिंग कंपन्या, दोघांचंही माप १ ते १० चं. तुमची बहुतेक कार्डं १, १.५ किंवा २ मध्ये बसतील, एखादं ३. एक लक्षात घ्या, या खालच्या टप्प्यात आकडा फार कमी सांगतो. चेहऱ्यावरून घडी गेलेलं १ आणि समोरून स्वच्छ पण पाठीचा तुकडा गेलेलं १, दोघांच्या डबीवर आकडा एकच, पण दुसरं सहज दीडदोन पट भावाने जातं. म्हणून घेताना क्रम असा लावा: चेहरा अखंड आहे का, रंग टिकलाय का, चित्र चौकटीत मध्यभागी आहे का, मग कोपरे, आणि पाठ सगळ्यात शेवटी. (टी२०६ सोडून. तिथे पाठ आधी.) भिंतीवर टोचल्याचं टाचणीचं भोक वरच्या पांढऱ्या चौकटीत असेल तर मी ते आनंदाने घेतो, भाव निम्म्यावर येतो आणि दोन हात लांबून दिसतही नाही.

कातरलेलं, रंग भरलेलं, कोपरा नव्याने जोडलेलं कार्ड मात्र आकड्यात बसतच नाही. त्यावर फक्त अस्सल आहे एवढं लिहून येतं. तुमची मार्करवाली १९७१ पाठवून पैसे घालवू नका. मार्कर पुसायलाही जाऊ नका, स्पिरिटने त्याच्याबरोबर मूळची शाईही निघते.

गोव्यातून पाठवायचं तर शुल्क, दोन्ही बाजूंचं टपाल, विमा आणि सीमाशुल्काची कागदपत्रं धरून सर्वसाधारण खेळाडूचं कार्ड तोट्यातच जातं. पाठवण्यासारखी नावं ठरलेली आहेत. टी२०६ मध्ये टाय कॉब (त्याची चार वेगळी चित्रं आहेत: लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीचे दोन चेहरे, बॅट खांद्यावर घेतलेलं, बॅट खांद्यापासून दूर धरलेलं), ख्रिस्ती मॅथ्यूसन, साय यंग, वॉल्टर जॉन्सन. गाउडीत बेब रूथचे ५३, १४४, १४९, १८१ हे चार क्रमांक आणि लू गेहरिगचे ९२ आणि १६०. टॉप्समध्ये १९५५ चे कोफॅक्स (१२३) आणि क्लेमेंटे (१६४). यांच्यातलं काही निघालं तर १ आकडा येणार असला तरी पाठवा, कारण इथे पैसे अस्सलपणाच्या शिक्क्यासाठी मोजायचे.

१९५२ च्या कार्डाचा क्रमांक काय? ३११ ते ४०७ मधला असेल तर वेगळं बोलू. त्या शेवटच्या टप्प्याचा न खपलेला साठा टॉप्सने पुढे १९६० च्या सुमाराला समुद्रात नेऊन टाकला, म्हणून ती कमी उरली. ३११ म्हणजे मिकी मँटल. आणि क्रमांक १, अँडी पाफको, हा झिजलेल्याच अवस्थेत सापडतो, कारण मुलं गठ्ठा क्रमाने लावून रबरबँड घालत आणि सगळ्यात वर हा बसे. तुमच्या कार्डांवरच्या खाचा त्याच जातीच्या. त्या दाबून जात नाहीत.

सासष्टीकार_५२

देव बरें करूं, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. १९५२ चा क्रमांक दोनशेच्या घरातला आहे, म्हणजे साधा. टी२०६ काळ्या पानावर एक टाय कॉब दिसतो, हिरवा नाही, लाल पार्श्वभूमीचा. अतिनील टॉर्चखाली नऊही कार्डं काळीच राहिली, गाउडी पण. चिकटपट्टीचं आणि मेणाचं कुणी सांगितलं नाही. आणि पावसाचं?

काणकोण_कसर

चिकटपट्टी: १९५२ चं साधंच कार्ड असेल तर तशीच राहू दे. जुन्या पट्टीचा पारदर्शक पापुद्रा कधीतरी आपणच गळून पडतो, पण गोंद कागदात मुरलेला असतो आणि पिवळा डाग कायमचा. ओढून काढलीस तर शाईसकट निघते. पट्टी अजून चिकट असेल तर कार्ड कव्हरला चिकटेल, म्हणून पट्टीच्या जागेवर सिलिकॉन लावलेल्या कागदाचा कपटा ठेव, स्टिकरच्या मागे असतो तो.

मेण: समोरच्या गुळगुळीत बाजूवरचं मेण जुन्या नायलॉनच्या पायमोज्याने हलक्या हाताने गोल घासलं की जातं. पाठीवरचं जात नाही, ते पुठ्ठ्याने पिऊन टाकलंय. घासत बसलास तर लव उठेल.

आता पाऊस. कार्डाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर सलग राहिली की बुरशी, आणि आपल्याकडे जुलैत घरात ८५ सहज असते. समुद्रालगतच्या घरात खारा वारा आणखी वेगळा. म्हणून तळमजल्यावरच्या लाकडी कपाटाचा विचार सोड, विशेषतः बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या. भिंत पाणी ओढते, कपाटाची पाठ ते पिते, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट होते.

रबरी कड असलेला हवाबंद डबा घे, ५ लिटरचा. त्यात नारिंगी रंगाचं सिलिका जेल १०० ते १५० ग्रॅम, कापडी पिशवीत, कार्डांना न टेकता. निळं घेऊ नकोस, त्यात कोबाल्ट असतं. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक. स्वस्तातले मापक पाचदहा टक्के चुकतात, म्हणून आधी तपास: बाटलीच्या झाकणात मीठ घे, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर (विरघळू देऊ नकोस), मापकाबरोबर झिपच्या पिशवीत बारा तास बंद ठेव. ७५ दाखवायला हवं. ८१ दाखवलं तर सहा वजा करत जा.

नवं जेल एवढ्याशा डब्याला ३० च्या खाली नेऊ शकतं, आणि तेवढ्या कोरड्या हवेत कार्डं वळतात. आकडा ४० च्या खाली गेला तर अर्धं जेल काढ. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशावर दोन तास तापवून, बंद बाटलीत गार करून परत घाल. त्याहून जास्त तापवलंस तर रंग दाखवणारं रसायन जळतं.

डबा भरायचा फेब्रुवारीत. जुलैत भरलास तर ओल आतच कोंडली जाते, कारण पुठ्ठ्यात स्वतःचं पाणी असतं. आत्ता उशीर झाला असेल तर कार्डं एसीच्या खोलीत दोन दिवस पसरून ठेव, खोली सलग चालू, मग तिथेच डबा बंद कर. एसीतून बाहेर आणलेला गार डबा लगेच उघडायचा नाही, कार्डांवर दव धरतं. दोनतीन तास थांब.

डांबरगोळ्या कपाटात असतील तर काढ. त्यांची वाफ ग्रेडिंगच्या डब्यांचं पॉलिस्टायरीन मऊ करते आणि वास कार्डातून वर्षभर जात नाही. कसर लागलीच (कडेला अनियमित कुरतडल्यासारखं, वरचा थर खरवडलेला) तर कार्डं कव्हरसकट दोन झिपच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. काढल्यावर पिशवी २४ तास बंदच.

भिंगवाला_म्हापसा

कव्हरबद्दल राहिलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात ती मऊ, आंबूस वासाची प्लास्टिक पाकिटं नको. ते मऊ पीव्हीसी. एप्रिलच्या उकाड्यात त्यातलं तेल सुटतं आणि शाई प्लास्टिकला चिकटते. पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं घ्या, नाणी-नोटांचे व्यापारी ठेवतात. टॉपलोडर (वरून कार्ड सरकवायचं पाकीट) कडक असतो, तो चालतो, पण आत आधी पातळ कव्हर हवं. १९५५ आणि १९५६ ची टॉप्स नेहमीच्या कव्हरात मावत नाहीत, दाबून घातलीत तर गोल कोपऱ्याचा उरलेला पापुद्राही वळेल. थोडं मोठं कव्हर मागवा. घालताना सगळ्यात धड कोपरा आधी.

टी२०६ ला नेहमीचं कव्हर सैल होतं, आत हिंदकळून कडा झिजतात. त्याला सिगारेट कार्डाच्या मापाचं वेगळं कव्हर येतं.

सासष्टीकार_५२

डबा आणि मापक घेतो. नऊमधला कॉब आधी सोडवू की शेवटी?

कागदकोट_फोंडा

शेवटी. सगळ्यात खराब कार्ड आधी, ज्याचा चेहराही फाटलाय असं असेल तर तेच. एकाच पानावरच्या नऊंना बहुधा एकच गोंद असणार, पहिल्यावर किती वेळ लागला, पान किती रंग सोडतं, ते लिहून ठेवा. आठवं निघेपर्यंत हात बसलेला असेल. आणि हे दिवाळीनंतर, टीपकागद डब्यात सिलिकाबरोबर आठवडाभर वाळवून.